उपकारस्तुतीचे पाणी

या वर्षीची उपकारस्तुती नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी झाली. केशोरीच्या वाटेवर असलेल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये धानाच्या पहिल्या पेंढ्या वेदीसमोर ठेवण्यात आल्या. दारावर लोंब्यांची झालर बांधण्यात आली. आलेल्या प्रत्येकाला आधी पाणी आणि मग जेवण देण्यात आले. पाणी निळ्या जारमधून आले. जार सकाळी अर्जुनीहून टेम्पोने आले होते.

उपकारस्तुती म्हणजे पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानण्याचा ख्रिस्ती लोकांचा सण. आमच्याकडे तो भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाच्या कापणीनंतर येतो. कापणी आणि मळणी यांच्यामध्ये पूर्वी एक मोकळा काळ असे. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उन्हाला पडून असत. त्यांच्या खालून, उभ्या पिकात आधीच फेकलेले लाखोळीच्या डाळीचे बी उगवून आलेले असे. सकाळी दवाने कडपा ओल्या आणि दुपारी इतक्या कोरड्या, की पाय लागला तर कुरकुर वाजत. मग भारे बांधून पुंजणे रचले जात आणि मळणीची पाळी येईपर्यंत गाव थोडे निवांत होई. लग्ने अजून दूर असत, थंडी नुकती लागलेली असे. गावभर तणसाचा, धानाच्या वाळल्या काडाचा, वास असे, गोड आणि थोडा धुळकट. आता हार्वेस्टर सकाळी बांधीत उतरते आणि दुपारी धान पोत्यात असते. मधला काळ राहिलेला नाही. यंदा रविवारी चर्चच्या आवारात उभे राहून तो वास शोधला. डिझेलचा वास होता.

मला आठवतो तो हंगाम मी नववीत असतानाचा आहे.

पप्पा गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. ते मूळचे गोंदियाचे, रेल्वेच्या वसाहतीत वाढलेले. बोलताना मध्येच हिंदी येई. चिडले की पूर्ण हिंदी येई. नोकरीसाठी या गावात आले, इथल्याच चर्चच्या मंडळीतल्या मुलीशी लग्न केले आणि राहिले. पाळकसाहेब गोंदियाहून महिन्यातून एकदा येत. उरलेल्या रविवारी शास्त्रवाचन आणि चार शब्द सांगणे पप्पांकडे असे. रविवारी जसल्या टेबलावर हात ठेवून ते निर्मितीविषयी बोलत, तसल्याच टेबलावर हात ठेवून सोमवारी पेशींविषयी बोलत. आवाज बदलत नसे. शाळेतले गणिताचे सर एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले होते, रविवारी आदाम आणि सोमवारी माकड, तुम्हाला जमते कसे? पप्पा म्हणाले, मंगळवारी घटक चाचणी आहे, ते आधी जमवा. या विषयावर त्यांनी कोणाशी वाद घातल्याचे मला आठवत नाही.

आईचे वडील, म्हणजे आबाजी, तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. चर्चमागची विहीर त्यांनी तरुणपणी खणली होती. सोबत मंडळीतली आणखी चार घरे होती. दुष्काळ होता. गावात विहिरी होत्या, पण प्रत्येक विहिरीवर प्रत्येकाला पाणी भरता येत नव्हते. बौद्ध वस्तीतल्या बाया पहाटे तलावाच्या गाळातून पाणी गाळून नेत. चर्चच्या विहिरीला मुरूम फोडून पाणी लागले, तेव्हा आबाजींनी विहिरीच्या ओट्यावर उभे राहून सांगितले, की इथे कोणाला नाव विचारायचे नाही. त्या वर्षीच्या उपकारस्तुतीला त्यांनी आलेल्या प्रत्येक माणसाच्या ओंजळीत स्वतःच्या हाताने पाणी ओतले. पुढे तो रिवाज झाला. गावातल्या सगळ्या विहिरी, पंप, नळ यथावकाश सगळ्यांना खुले झाले. तरी उपकारस्तुतीला पोवारांची, बौद्धांची, गोंडांची माणसे चर्चच्या आवारात येत, रांगेत उभी राहत आणि आबाजींच्या हातचे पाणी पीत. मी लहान असताना मला वाटे, की सणाचे नाव पाण्यावरूनच पडले असावे.

या रिवाजाला एक जोडरिवाज होता. पाणी शुद्ध करण्याची पावडर ग्रामपंचायतीचा माणूस दर आठवड्याला विहिरीत टाकत असे. उपकारस्तुतीच्या आधीचे दोन आठवडे आबाजी त्याला ओट्यावरूनच परत पाठवत. पाहुण्याले दवाईचं पानी कायले पाजाचं, असे ते म्हणत. देवाने दिले तसे द्यायचे. मंडळीत कोणालाही यात गैर वाटत नव्हते. पावडर का टाकावी हे वर्गात फळ्यावर लिहून देणारे पप्पाही त्या दोन आठवड्यांत विहिरीकडे पाहत नसत.

मी नववीत गेले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मंडळीने बाहेरगावच्या बायांसाठी आवारात शौचालय बांधले. दरवर्षी पाहुण्या बायांना शेतात जावे लागे, त्याची लाज वाटे म्हणून वर्गणी झाली. शोषखड्ड्याची जागा आबाजींनी दाखवली. विहिरीच्या वरच्या अंगाला जमीन भुसभुशीत होती, खणायला सोपी होती.

नोव्हेंबरमध्ये पप्पांनी आमच्या वर्गाला पाणी तपासण्याचा प्रयोग दिला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून छोट्या काचेच्या बाटल्या आल्या होत्या. आत औषध लावलेला कागद असे. पाणी भरून बाटली उबेत ठेवायची. पाण्यात मैल्यातले जंतू असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी काळे पडते. थंडीचे दिवस, म्हणून पप्पांनी लाकडी पेटीत तणीस भरले आणि बाटल्या त्यात अंडी उबवायला ठेवावी तशा मांडल्या. मुलांनी आपापल्या घरचे, पंपाचे, बोडीचे म्हणजे छोट्या तळ्याचे पाणी आणले. बौद्ध वस्तीतल्या शेवंताबाईंची नात माझ्या वर्गात होती, तिने विहारातल्या बोअरचे आणले. चांगले पाणी कसे दिसते हे दाखवायला एक नमुना हवा होता. तो पप्पांनी स्वतः आणला, चर्चच्या विहिरीचा.

तो वास त्या पेटीचा आहे. यंदा आवारात मी शोधत होते तो.

पेटी उघडण्याआधी पप्पांनी क्षणभर डोळे मिटले. वर्गात कोणीतरी खुसफुसले, की सर विहिरीसाठी प्रार्थना करून राहिले. पप्पांनी ते ऐकले आणि झाकण उघडले. बोडीचे पाणी काळे होते, ते अपेक्षित होते. दोन घरांचे काळे होते. विहाराच्या बोअरचे स्वच्छ होते. चर्चच्या विहिरीचे सगळ्यांत काळे होते, दौतीतल्या शाईसारखे.

शेवंताबाईंच्या नातीने विचारले, “सर, बाटल्या बदलल्या का?”

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरेच तसे वाटले होते. वर्गातून मात्र मागच्या बाकावरून आवाज आला, की देवाची विहीर नापास. सगळे हसले. मी नाही हसले. पप्पांनी हसू थांबण्याची वाट पाहिली. मग बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवली, बाटली सगळ्यांच्या हातात फिरू दिली आणि म्हणाले, “बाटलीला मंडळी कळत नाही. उद्या पुन्हा भरू.” पुन्हा भरली. पुन्हा काळी झाली.

घरी जाताना मी त्यांना विचारले, की डोळे मिटून स्वच्छ निघू दे म्हणाला होतात का. ते म्हणाले, नाही. जे निघेल ते सांगता येऊ दे, एवढेच म्हटले.

आता नागपूरला वर्तमानपत्रात बातमीच्या टेबलावर काम करताना रोज एक प्रश्न विचारावा लागतो, खात्री केली का? तो मी पहिल्यांदा नागपुरात ऐकला नाही. फरक एवढाच, की टेबलावर खात्री केली जाते ती दुसऱ्यांच्या विहिरींची.

शुक्रवारी संध्याकाळी आबाजींच्या अंगणात मंडळीच्या पंचांची बैठक बसली. उपकारस्तुती रविवारी होती. पप्पांनी दोन्ही बाटल्या खाटेवर ठेवल्या आणि शोषखड्डा विहिरीत पाझरतो आहे असे सांगितले. पंचांत बराच वेळ बोलणे झाले. एकाचे म्हणणे पडले, की रविवार जाऊ द्यावा, मग काय ते पाहावे. दुसरे म्हणाले, गावाला सांगितले तर ज्यांना त्या काळी आपली विहीर सगळ्यांना खुली केल्याचे वाईट वाटत होते त्यांची पोरे आज टाळ्या वाजवतील. तिसऱ्यांनी पाणी उकळून द्यावे असे सुचवले, तर आबाजींनी हात उडवला. उकळलेले पाणी बिमाराला देतात, पाहुण्याला नाही. पावडर आता टाकली तर, असे कोणी विचारले. पप्पा म्हणाले, टाकूच, पण वरून पाझर चालू आहे तोवर मी कोणाला पी म्हणणार नाही.

आबाजींनी बाटली हातात घेतली नाही. म्हणाले, “इतकी वर्सं लोक पेऊन राहिले, जवाईबापू. कोनी मेलं का?”

“इतकी वर्षं खड्डा नव्हता, मामाजी.”

 शेजारी कोणाच्या तरी पुंजण्यावर कुत्रे चढले होते, त्याला हाकलण्याचा आवाज आला. मग आबाजी म्हणाले, आणि हे ते पंचांना नाही, पप्पांनाच म्हणाले, “एक रविवार. पुढच्या वर्सी मी राहीन का नाही. माह्या हातानं माह्या विहिरीचं एक डाव ओतू द्या. मंग बुजवा, काय कराचं ते करा.”

त्यांना तेवढेच हवे होते. बाकी पंचांच्या मानापमानाशी त्यांना देणेघेणे नव्हते. पप्पांनी मान खाली घातली. शेवटी म्हणाले, “रविवारी रांगेत लेकरं असतात, मामाजी.”

आई घरी आल्यावर पप्पांशी बोलली नाही. ताट वाढले, सरकवले आणि चुलीपाशी जाऊन बसली. तिच्या लहानपणी त्या ओट्यावर तिचे बाबा उभे असत आणि ती त्यांच्या पायांपाशी बसून लोकांच्या ओंजळी मोजत असे, हे तिने मला अनेकदा सांगितले होते. पप्पांचे जेवण होत आल्यावर ती म्हणाली, “शाळेत मास्तर राहा. घरी जवाई राहा.”

पप्पा म्हणाले, पाणी दोन्हीकडे एकच आहे.

त्यांचे म्हणणे बरोबर होते. तरी त्या दिवशी मी आईच्या बाजूने होते. आजही त्या स्वयंपाकघरात परत जाता आले, तर मी आधी तिच्याच शेजारी बसेन.

शनिवारी सकाळी पप्पांनी विहिरीचा दोर आणि बादली काढून घरी आणली. ओट्यावर लाल अक्षरांत पाटी लावली, हे पाणी पिऊ नये. ग्रामपंचायतीलाही कळवले. दुपारपर्यंत ते गावभर झाले. चहाच्या टपरीवर त्यांना विचारण्यात आले, की काय गा मास्तर, सासऱ्याचीच विहीर भेटली का नापास कराले. त्यांनी चहा संपवला आणि विहाराकडे गेले.

विहाराच्या बोअरची किल्ली शेवंताबाईंकडे असे. त्या रोवणी-कापणीच्या टोळीच्या मुकादम होत्या. सगळ्या टोळीला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज होता आणि तो त्या घरातही कमी करत नसत. पप्पांनी रविवारसाठी पाणी हवे आहे असे सांगितले. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

“मागून राहिले का सांगून राहिले, गुरुजी?”

“मागतो आहे.”

“मंग न्या. माही सासू तुमच्या आबाजीच्या हातचं पेली व्हती. उपकार फेडून नाही राहिली, नुसतं सांगून राहिली.” मग सूप पाखडत म्हणाल्या, “आन् म्हाताऱ्याले एकट्याले घरी बसवू नका. माह्यासंगं भांडाले कोनी नाही राहत मंग.”

रविवारी आबाजींचा पहिला बाक रिकामा होता. पेंढ्या वेदीसमोर ठेवल्या गेल्या. दाराच्या झालरीवर चिमण्या आल्या होत्या आणि गाणे चालू असतानाही त्यांचा आवाज येत होता. पाळकसाहेबांनी पप्पांना बोलायला सांगितले. पप्पा फार बोलले नाहीत. विहिरीचे पाणी खराब निघाले आहे, त्याचे कारण आपण खणलेला खड्डा आहे, आणि पावडर परत पाठवणाऱ्यांत मीही होतो, कारण मी गप्प होतो, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, “आपण दरवर्षी या पाण्यासाठी प्रार्थना करतो. या वर्षी उत्तर काळं आलं. उत्तर आलंच नाही असं म्हणायचं नाही.”

कोणी आमेन म्हटले नाही. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला.

त्यांचे ते बोलणे मी पुढे अनेकदा आठवून पाहिले आहे. त्यात श्रद्धा कुठे संपते आणि शाळा कुठे सुरू होते हे मला सापडलेले नाही. त्यांनाही ते शोधावेसे वाटले नसावे. विज्ञानाने देव सिद्ध होतो असे ते कधी म्हणाले नाहीत, खोटा ठरतो असेही नाही. ज्याने पाणी दिले त्याच्यासमोर पाण्याविषयी खोटे बोलता येत नाही, इतकेच त्यांचे म्हणणे असावे. हे मी त्यांना विचारायला हवे होते. ते जाऊन आता काही वर्षे झाली आहेत. त्यांच्या वर्गातली मुले आज कोणी तलाठी आहे, कोणी नर्स आहे, कोणी तिरोड्याला वीज केंद्रात आहे. यंदा रविवारी त्यांतली दोघे भेटली. दोघांनाही पेटीतल्या तणसाची आठवण होती. विहिरीचा निकाल एकाला आठवत नव्हता.

आराधना संपल्यावर विहारातले पाणी बैलगाडीतून ड्रममध्ये आले. मागून शेवंताबाईंच्या टोळीतल्या बाया डोक्यावर पाण्याचे पितळी गुंड घेऊन आल्या. आवारात रांग लागली. ओतायला कोण उभे राहणार यावर पंच एकमेकांकडे पाहू लागले, तेव्हा पप्पांनी लोटा घेतला. रांग सरकू लागली. कापणीचे हात होते, विळ्याच्या वणांनी भरलेले. ओंजळी एकामागून एक पुढे येत होत्या.

रांग संपत आली तेव्हा आबाजी फाटकातून आत आले. धुतलेले धोतर, डोक्याला टोपी, हातात काठी. ओट्याकडे गेले नाहीत. रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या माणसाने बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ दिले, तर त्यांनी काठीने त्याला त्याची जागा दाखवली. पाळी आली तेव्हा पप्पांनी लोटा त्यांच्यापुढे धरला, ते ओततील म्हणून. आबाजींनी लोटा घेतला नाही. काठी काखेत धरली, थोडे वाकले आणि ओंजळ केली.

“ओता, मास्तर.”

पप्पांनी ओतले. बरेचसे पाणी मनगटावरून खाली गेले. आबाजींनी राहिलेले प्यायले, ओला हात टोपीखाली कपाळावरून फिरवला आणि म्हणाले, “बरं हाये. लोखंडाची चव येऊन राहिली.”

“फुकटचं पेऊन नावं ठेवून राहिले,” शेवंताबाई मागून म्हणाल्या.

त्यावर आई हसली. शुक्रवारनंतर पहिल्यांदा. मग तिने पप्पांच्या हातातला लोटा घेतला आणि त्यांना पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोषखड्डा उपसून बुजवायला सुरुवात झाली. पहिले घमेले आबाजींनी टाकले, मग खाट आणवून बाजूला बसले आणि दिवसभर काम करणाऱ्यांना चुका दाखवत राहिले. नवा खड्डा आवाराच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडे खणला. जागा पप्पांनी दोरी धरून ठरवली. दोरीचे दुसरे टोक आबाजींच्या हातात होते.

पुढच्या मे महिन्यात विहीर उपसली. जूनमध्ये पुन्हा नमुने घेतले. ते स्वच्छ आले. आबाजी फेब्रुवारीत वारले होते.